कटारीचा दहावा

सातारच्या माणसाला डोंगर चढायला सांगा, चढेल. तोंडावर नाही म्हणायला सांगा, त्याला ताप भरेल. शकुंतलाबाईंचं उभं आयुष्य पोस्टाच्या खिडकीमागे गेलं होतं, आणि खिडकीत येणारा प्रत्येक चेहरा मनातल्या मनात जमा आणि नावे अशा दोन बाजूंना मांडायची त्यांना खोडच लागली होती. माणूस काय मागतो यापेक्षा मागण्याआधी किती वेळ हवापाण्याचं बोलतो, यावर त्यांचा डोळा असे. हवापाणी जितकं लांब, तितकं मागणं अवघड. अशा पारखी बाईचा काटा काढला गेला आणि तिला तीन दिवस पत्ता लागला नाही, हे सांगूनही कुणाला पटायचं नाही. पण माया असली की तराजूचं एक पारडं माणूस आपल्याच अंगठ्यानं दाबून धरतो. मग काटा काय दाखवणार?

कटारी मेली ती रविवारी दुपारी, चहाच्या जरा आधी. कटारी म्हणजे शकुंतलाबाईच, आणि तशा नव्हेतही. पोवई नाक्याजवळ निमिषच्या वडिलांचा टायपिंगचा क्लास होता. यंत्रं भंगारात गेली, खोली तेवढी राहिली. त्या खोलीत दर रविवारी चौघं जमत आणि एक खेळ खेळत. खेळाला पट नाही की पडदा नाही. निमिष गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक माणूस होऊन आपण काय करतो ते बोलतात, आणि ते साधलं की फसलं हे फासा ठरवतो. जग निमिषनं रचलेलं, नाव वज्रखोरं. धुक्यात बुडालेले किल्ले, माणसासारखे बोलणारे लांडगे, भाड्यानं शाप देणाऱ्या चेटकिणी. निमिषची नोकरी घरांचे आराखडे काढायची, पण जीव सगळा त्या खोऱ्यात.

शिवतेज हा वाळवा तालुक्यातल्या ऊसवाल्या घरातला. थोरला भाऊ फौजेत, हा इथं एमआयडीसीत. खेळात तो ढाल घेऊन पुढे उभा राहणारा शिपाईगडी. ज्ञानदा सांगलीची. कॉलेजात शिकवायला ती साताऱ्याला आली तेव्हा पहिली तीन वर्षं शकुंतलाबाईंच्या फ्लॅटमधल्या पुढच्या खोलीत राहिली. तिच्या तापात बाईंनी रात्री जागवल्या, तिच्या लग्नाच्या बोलण्यात मावशी म्हणून पुढे बसल्या. खेळात ती मंत्रविद्या जाणणारी. तिनंच बाईंना या खोलीत ओढून आणलं होतं. बाई नुकत्या निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन वर्ष झालेलं, आणि इथं एक माणूस कमी पडत होतं. निमिषनं वयाचा मान ठेवून त्यांना वैद्यबाई व्हायला सुचवलं: मागे बसायचं, जखमांना पाला लावायचा. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की जन्मभर दुसऱ्यांची पाकिटं न फोडता पोचवली, आता मला चोर व्हायचंय. तशी कटारी जन्माला आली: कमरेला आखूड तलवार, पायात आवाज न करणाऱ्या वहाणा, आणि जिभेला धार.

त्याला नऊ वर्षं झाली. मुलगा सिंगापूरला, शेजारी गुड मॉर्निंगपुरते, देवळातल्या बायका सुनांपुरत्या. रविवारची ती खुर्ची होती म्हणून सोमवार ते शनिवार निघत होते. हे बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण न सांगता कळण्यासारखं होतं.

आता खेळात माणूस मेलं की पुढे काय, हा प्रश्न सुरुवातीलाच आला होता. निमिषच्या मूळ रचनेत आत्मा उजेडाच्या महालात जाई आणि खेळाडू पाच मिनिटांत नवा माणूस घेऊन परत खेळायला बसे. बाईंना ते रुचलं नाही. त्यांचं म्हणणं, मढं उचललं नाही तोवर पंगत कसली बसवता? त्या औंधच्या. त्यांच्याकडे आत्मा असा सरळ जात नाही. दहाव्याला पिंड ठेवतात, नातलग हात जोडून उभे राहतात आणि आश्वासनं देत जातात: पोरीचं लग्न करू, भावाभावांत भांडण होऊ देणार नाही, म्हातारीला अंतर देणार नाही. मेलेल्याच्या मनातलं नेमकं बोललं गेलं की कावळा झेपावतो आणि पिंडाला शिवतो. त्यांच्या यजमानांच्या वेळी संगम माहुलीच्या घाटावर कावळे झाडावर गच्च बसले होते, पण एक खाली उतरेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी घड्याळ बघत जेवायला गेली. त्या माणसाची इच्छा काय राहिली, हे बाईंना अजून ठाऊक नाही.

म्हणून वज्रखोऱ्यात त्यांनी दहावा आणला. तमसा नदीचा घाट, पिंडाच्या जागी बत्तासा, आणि कावळा म्हणून जुन्या बुद्धिबळातला काळा उंट, टोक फुटलेला, त्यामुळे चोच आल्यासारखा दिसणारा. मेलेल्या खेळाडूनं तो मुठीत घेऊन खिडकीजवळच्या बाकावर बसायचं, बोलायचं नाही. सोबत्यांनी एकेक आश्वासन द्यायचं. नेमकं लागलं तर कावळा बत्ताशावर ठेवायचा. आत्मा पैलतीराला जाऊन मागचं सगळं विसरून नवा जन्म घेतो, खेळाडू परत खुर्चीवर. सगळ्यांची आश्वासनं वाया गेली तर आत्मा घाटावरच राहतो, आणि खुर्ची सुटली ती सुटली. आत्म्याला अगदी उघड्यावर टाकू नये म्हणून आणखी एक कलम: प्रत्येकानं जिवंतपणीच आपली इच्छा एका सोबत्याच्या कानात सांगून ठेवायची. तो सोबती दहाव्याला शेवटी बोलणार. निमिषनं अडलं-नडलं तर फाशावर सोडवू, अशी पळवाट सुचवली होती. बाई म्हणाल्या, खेळात तरी खरं चालू दे.

आणि ते खरं चाललंही. शिवतेजचा शिपाई मेला तेव्हा त्याचा घोडा विकू नका म्हटल्यावर कावळा शिवला. ज्ञानदाची मांत्रिका मेली तेव्हा तिची सोबतीण शकुंतलाबाईच होत्या. त्यांनी तिच्या मनातलं अक्षर न अक्षर बोलून दाखवलं, आणि ज्ञानदा बत्ताशावर कावळा ठेवताना चक्क रडली होती.

कटारीची इच्छा बाईंनी ज्ञानदाला सांगितली ती सांगलीत. तिच्या माहेरी बारसं होतं. दुपारी दोघी कृष्णाघाटाच्या पायऱ्यांवर भडंगाची पुडी घेऊन बसल्या होत्या. कटारीला मैना नावाची धाकटी बहीण होती. कोवळ्या वयात कटारी भैरवकड्याच्या पहारेकऱ्यांच्या हाती सापडली, तेव्हा तिनं सुटकेसाठी मैनेला ओलीस ठेवलं. दिवस मावळायच्या आत येते म्हणाली, आणि गेली ती गेलीच. मैना त्या दारात बसून आहे. इच्छा इतकीच: तिला सोडवून आणा, आणि सांगा की तुझी बहीण त्याच संध्याकाळी मेली, म्हणून आली नाही. टाकून गेली हे तिला कळू देऊ नका. ऐकून ज्ञानदानं भडंगाचा हात तसाच राहू दिला आणि मावशी, तुम्ही फार आत राहता, असं काहीसं म्हणाली.

तर त्या रविवारी दोरीच्या पुलावर कटारीचा पाय घसरला. असले प्रसंग पुष्कळ आले होते. दर वेळी दोर शिवतेजच्या हातात असे आणि तो ओढून घेई. या वेळी निमिषनं विचारलं, दोर धरलायस का? शिवतेज खाली बघत म्हणाला, हात सुटला. बाईंनी फासा टाकला, तो फुकट गेला. कटारी दरीत. बाई घरी आल्या, आंघोळ केली, आणि स्वतःवरच हसल्या. पण जेवण काही गेलं नाही.

बुधवारी शिवतेज गावाकडची काकवी घेऊन घरी आला. बसला. पावसाचं बोलला, उसाच्या तोडीचं बोलला, आईच्या गुडघ्याचं बोलला, भावाच्या बदलीचं बोलला. बाईंनी हवापाण्याची लांबी मोजली आणि गॅस बंद करून समोर येऊन बसल्या.

"मावशी," शिवतेज म्हणाला, "माज्या हातनं दोर सुटला न्हाई. सोडला म्या."

मग पोटातलं सगळं बाहेर आलं. निमिषची पुण्याची मामेबहीण वल्लरी, तिच्या व्हिडिओंना ढीगभर बघणारे. तिला वज्रखोरं फार आवडलं. खेळ चित्रित करायचा, दर आठवड्याला दाखवायचा असं ठरलं. कॉलरला लावायचे माईक आले, ते चार. निमिष, ज्ञानदा, शिवतेज आणि स्वतः वल्लरी. मावशी फाशाचे आकडे विसरतात, मध्येच कुणी जेवलंय का विचारतात, लांडग्याशी झुंज चालू असताना गोष्ट औंधला नेतात. पडद्यावर ते कसं दिसणार? मावशींना कुणीतरी सांगायला हवं होतं. निमिष म्हणाला शिवतेज सांगेल, शिवतेज म्हणाला माझ्या आईच्या वयाची बाई, माझी जीभ नाही उचलायची. शेवटी निमिषलाच युक्ती सुचली: बाहेर कशाला सांगायचं, गोष्टीतच उरकू. सुंठीवाचून खोकला जाईल.

"सरळ सांगायचं होतंस की रे," बाई म्हणाल्या.

"कसं सांगायचं, मावशी? तुमाला वाईट वाटलं असतं."

शकुंतलाबाईंनी हे वाक्य मनात फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिलं. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून आपल्याला दरीत ढकलून दिलं होतं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथं तर तिनं सुपारी घेतली होती. पण राग कुणावर धरायचा? निमिष हा गोष्टीतला देव. देवानं माणसं मारायचीच असतात. शिवतेज घाबरट, पण काकवीची बाटली घेऊन आला तरी. हिशेबात एकच नाव उरलं होतं.

"आणि ज्ञानदा?"

"ती ह्यात न्हाई. असती तर म्या इथं आलो नसतो," शिवतेज म्हणाला. "आन दहाव्याला बोलणार तर तीच की. तुमची सोबतीण हाय ती. एकदा कावळा शिवला की निमिष काय करंल? नेम तुमचाच, आन त्यानं मान्य केलेला."

बाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. त्यांनी त्याला पोहे खायला घातले आणि वर आल्याचा चहा दिला. तो गेल्यावर ज्ञानदाला फोन करावासं वाटलं, हातात घेऊन परत ठेवलाही. आठवण करून द्यायची म्हणजे इच्छा दोनदा विकल्यासारखं. ती तिची ती बोलली तर खरी. आपण मागून घेतलं तर ती खुर्ची घेऊन करायचं काय?

रविवारी खोली ओळखू येईना. भिंतीवर काळं कापड, दोन पांढरे दिवे, टेबलावर खोटी कवटी. वल्लरी वाकून पाया पडली, म्हणाली की मावशींबद्दल केवढं ऐकलंय. मुलगी गोड होती. कानामागून आली आणि तिखट झाली असं म्हणायला बाईंची जीभ तयार होती, पण त्या पोरीच्या चेहऱ्यावर कट दिसेना. तिला बहुतेक एवढंच सांगितलं असावं की मावशी आता थकल्या, त्यांनाच थांबायचंय. निमिषनं हसून स्वागत केलं आणि हवापाण्याचं बरंच बोलला. ज्ञानदा उशिरा आली. तिनं बाईंच्या खांद्यावर हात ठेवला, तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला. बाईंनी तो मायेच्या बाजूला मांडला.

कॅमेरा चालू झाला. निमिषनं तमसेचा घाट उभा केला, आणि गडी त्यात पटाईत होता. ओल्या पायऱ्या, पाण्यावर तरंगणारी राख, पिंपळावर बसलेला एकच कावळा. पायरीवर बसलेला कटारीचा आत्मा, पावलं पाण्यात, पण पाणी ओलं लागत नाही. खिडकीजवळच्या बाकावर शकुंतलाबाई मुठीत काळा उंट धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या अंगावर काटा आला. आपल्याच मरणाला आलेल्या माणसाला वाटत असेल तसंच त्यांना वाटत होतं: सगळे किती नीट कपडे करून आलेत.

पहिला शिवतेज. त्याला इच्छा ठाऊक नव्हती, त्याला नुसतं मन होतं. तो उभा राहिला, हात जोडले, आणि म्हणाला की कटारी, तुझा दोर ज्यानं सोडला त्याला मी शोधून काढीन आणि तुझ्या पायावर घालीन. निमिषनं खोकून घेतलं. मूठ उघडली नाही.

दुसरी वल्लरी. नियमानं ती अजून सोबती नव्हती, पण निमिषनं तिलाही बोलू दिलं. पडद्यावर छान दिसतं. तिनं शिवतेजसारखे हात जोडले. मग म्हणाली की तुझी वाट बघत कुणी कुठे बसलं असेल, तर आम्ही त्यांच्यापर्यंत जाऊ आणि तू का आली नाहीस ते सांगू.

शकुंतलाबाईंची मूठ घामेजली. अंधारात मारलेला दगड फळाच्या देठाला लागावा तसं झालं होतं. पण देठ म्हणजे फळ नव्हे. कुणाकडे, कुठे, आणि का नाही आली याचं काय सांगायचं, हे त्यात नव्हतं. खरं सांगून बसले तर मैनेचं उलट वाटोळं. नियम त्यांचाच होता, आणि घाई कशाची? ज्ञानदा होती की अजून. त्यांनी मूठ मिटलेलीच ठेवली. वल्लरीचा चेहरा पडला, त्याचं त्यांना वाईटही वाटलं.

ज्ञानदा उठली. बत्ताशासमोर आली. तिनं बाईंकडे पाहिलं नाही, पिंपळाकडे पाहिलं, जो तिथं नव्हता.

"कटारी," ती म्हणाली, "तुझी तलवार आम्ही गंजू देणार नाही. आळीपाळीनं तिला तेल लावू. ती दुसऱ्या कुणाच्या कमरेला जाणार नाही."

आवाज छान लागला होता. तालीम केलेला आवाज होता तो. बाईंना आधी वाटलं, ही चुकली. माणूस घाबरतं, कॅमेऱ्यासमोर भलतंच बोलून जातं. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, की आता जीभ चावेल, आता म्हणेल, नाही नाही, थांबा. ज्ञानदानं हळूच निमिषकडे पाहिलं. निमिषनं पापणी लववली, इतकीच की जन्मभर खिडकीत चेहरे वाचलेल्या बाईलाच दिसावी. मग ज्ञानदा परत येऊन आपल्या खुर्चीत बसली आणि माईकची वायर सारखी करू लागली.

केसानं गळा कापणं म्हणतात ते असं असतं तर. रक्त नाही, आवाज नाही, वायर सारखी करायलाही सवड मिळते. तापातल्या रात्री, लग्नातली बोलणी, घाटावरची भडंगाची पुडी, सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एक तलवार आणि तिचं तेल. शिवतेजचं त्यांना काही वाटलं नव्हतं, कारण त्यानं दोर सोडला तो भिऊन. हिच्या हातात दोर नव्हताच. हिच्या हातात फक्त चार शब्द होते, आणि ते बाईंनीच दिलेले. जड नव्हते. ओढायचेही नव्हते.

निमिष खालच्या पट्टीत सांगू लागला होता. सगळी आश्वासनं झाली... पिंपळावरचा कावळा मान वळवतो... पंख झटकतो...

शिवतेज टक लावून बाईंकडे बघत होता. बिचाऱ्याला वाटत होतं, ज्ञानदा बोलली म्हणजे खरं तेच बोलली. आता का ठेवत नाहीत मावशी कावळा? आणि त्याच्या त्या तोंडाकडे बघता बघता शकुंतलाबाईंना एक साधी गोष्ट दिसली. कटारीची इच्छा या खोलीत दोघींनाच ठाऊक होती. एक आपण. दुसरी जर उठून म्हणाली की ही इच्छा नव्हे, तर मग खरी कुठली, आणि ठाऊक असून बोलली का नाही, हेही तिला सांगावं लागेल. कॅमेऱ्यासमोर. शिवतेजसमोर.

त्या बाकावरून उठल्या. टेबलाशी आल्या, मूठ उघडली, आणि काळा उंट बत्ताशावर ठेवला. बत्तासा जरा चुरला.

वल्लरीनं टाळ्या वाजवल्या. शिवतेजनं हुश्श केलं आणि ज्ञानदाच्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, वाटलंच हुतं मला, तू बोलणार. ज्ञानदाचा चेहरा पांढऱ्या दिव्याहून पांढरा झाला. निमिष बाईंकडे बघत होता. शेवटी तो गोष्टीतल्या देवाला जे बोलणं भाग होतं ते बोलला: कावळा शिवला. आत्मा पैलतीराला गेला.

चहाला थांबले तेव्हा पाण्याच्या माठाशी ज्ञानदानं त्यांना गाठलं.

"मावशी, ते खरं नव्हतं," ती कुजबुजली.

"काय खरं नव्हतं?"

"तलवारीचं. तिची इच्छा ती नव्हती."

"नव्हती? मग कुठली होती, बाळा? चल, सांगू सगळ्यांना. त्या पोरीला कॅमेरा परत लावायला सांगते."

ज्ञानदानं भांडं भरलं आणि न पिता धरून ठेवलं. मग म्हणाली की तुम्ही दमता, जिने चढून येता, मला वाटलं तुम्हालाही सुटल्यासारखं होईल. बाईंना त्यातलं काही नवं वाटलं नाही. दुसऱ्याचा गळा आवळताना त्याला हवा लागावी म्हणून आवळतोय, असंच प्रत्येक जण सांगतो. त्यांनी तिच्या हातातलं भांडं घेतलं, पाणी प्याल्या, आणि रिकामं भांडं परत तिच्या हातात दिलं.

खुर्ची राहिली होती. पण माठाशी उभ्या असतानाच बाईंना दुसरी बाजू दिसली, आणि ती त्यांनी जितकी लांबवायचा प्रयत्न केला तितकी मोठी होत गेली. कावळा शिवला म्हणजे इच्छा पुरी झाली. मेलेल्याचं नाव पुन्हा काढायचं नाही, हेही कलम त्यांचंच. नव्या जन्माला मागचं काही आठवायचं नाही, तेही त्यांचंच. आता भैरवकड्याकडे कुणी जाणार नव्हतं. जाण्याचं कारणच त्या जगातून पुसलं गेलं होतं. मैना दारात बसलेली, सूर्याकडे बघत, की अजून मावळला नाही. तिला एकदा कटारीनं टाकलं होतं, जीव वाचवायला. आज दुसऱ्यांदा टाकलं, एका खुर्चीसाठी. आणि हे दुसरं ज्ञानदाच्या नावे टाकायला जागा नव्हती. ते शकुंतलाबाईंच्या स्वतःच्याच हातचं होतं. वल्लरीनं सांगितलं तेव्हा मूठ उघडली असती तर निदान कुणीतरी त्या दारापर्यंत गेलं असतं. तेव्हा त्या खरेपणाला धरून बसल्या होत्या, कारण ज्ञानदा होती की अजून.

दुसरा डाव बसला. पाच माणसं, माईक चार. शिवतेजनं आपला काढून बाईंच्या पदराला लावला, म्हणाला आपला आवाज तसाही दोन शिवारं ऐकतात. निमिषनं आवाज कोरडा ठेवून विचारलं की नव्या जन्मात मावशी कोण. बाई म्हणाल्या, नावाडी. तमसेवर होडी चालवीन. आत्म्यांना या काठावरून त्या काठावर नेईन, आणि कुणाला काही विचारणार नाही. वल्लरीला ते फारच आवडलं.

"आणि सोबती कोण?" निमिष म्हणाला. नियमच तसा होता; नव्या जिवानं नवा कान निवडायचा.

शिवतेज सरसावून बसला. त्याला खात्रीच होती.

"ज्ञानदाच," शकुंतलाबाई म्हणाल्या.

ज्ञानदानं मान वर केली. नाही म्हणायला तिला एवढी फट होती, पण ते तोंडावर म्हणावं लागलं असतं. ती उठून बाईंच्या खुर्चीपाशी आली आणि खाली वाकली. बाईंनी पदरावरचा माईक मुठीत झाकला आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. तिच्या केसांना तोच शिकेकाईचा वास होता, पुढच्या खोलीत राहत होती तेव्हाचा.

"ह्या खेपेला काही इच्छा ठेवलेली नाही," त्या म्हणाल्या. "तुला काही विसरावं लागणार नाही."

सगळे बघत होते, म्हणून ज्ञानदानं मान हलवली. बाईंनी माईकवरची मूठ काढली, फासे ओढून घेतले आणि निमिषला म्हणाल्या, सांग पुढे, पाण्याला ओढ किती आहे?